सेमिनार म्हणजे काय?

पंचायतीच्या भिंतीवर कागद लागतो : ‘शनिवारी शेतकऱ्यांसाठी सेमिनार आहे. सर्वांनी यावे.’ अक्षरे जुळवून आपण तो वाचतो. पण अर्थ काही लागत नाही. मग वाटते, हे शिकलेल्यांचे काम. आपण कशाला जायचे?

तसे मुळीच नाही. हा शब्द तर शेतातलाच आहे!

सेमिनार हा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला. त्याचे मूळ आहे लॅटिन या जुन्या भाषेत. लॅटिनमध्ये ‘सेमेन’ म्हणजे बी आणि ‘सेमिनारियम’ म्हणजे रोपांचा वाफा. मिरचीचे बी आपण आधी वाफ्यात टाकतो. पाणी देतो, जपतो. रोप तयार झाले, की मग ते शेतात लावतो.

पुढे माणसे तयार करण्याच्या जागेलाही हेच नाव पडले. रोमन कॅथलिक धर्मसभेने १५६३ साली पाद्री तयार करणाऱ्या शाळा काढायचे ठरवले. त्यांना सेमिनरी म्हणतात. नंतर, अठराव्या शतकात, जर्मनीतल्या विद्यापीठांत सेमिनार सुरू झाले. थोडे विद्यार्थी गुरुजींसह एकत्र बसत. प्रत्येकाने अभ्यास करून आपले म्हणणे मांडायचे. बाकीच्यांनी विचारायचे, “हे कशावरून?”

एकाने बोलायचे आणि इतरांनी ऐकायचे, ते व्याख्यान. इंग्रजीत त्याला लेक्चर म्हणतात. सेमिनारमध्ये मात्र सगळ्यांनी बोलायचे असते. म्हणून मराठीत त्याला चर्चासत्र म्हणतात.

समजा, कपाशीवरच्या किडीचा सेमिनार आहे. साहेब औषधाची माहिती सांगतील. पण आपल्या रानात कीड कधी पडली, काय फवारले, गुण आला की नाही, हे साहेबांना कसे कळणार? ते आपणच सांगायला हवे. आपण गप्प बसलो, तर त्यांचेही शिकणे अपुरे राहते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. हल्ली ‘पैसे दुप्पट करून देतो’ म्हणणारे लोकही आपल्या सभेला सेमिनार म्हणतात. तेथे “हे कशावरून?” असे विचारून पाहा. उत्तर न देता पैसेच मागू लागले, तर सरळ उठून घरी या. तो सेमिनार नव्हे.

तर मंडळी, शनिवारी जरूर जा. जाताना मनातला प्रश्न कागदावर लिहून न्या. आता आपल्याला लिहिता येते ना?