डेव्हिस करंडक : विश्वगटाच्या दारापर्यंतचा लांबचा रस्ता

मढच्या धक्क्यावर उभे राहिले, की खाडीपलीकडचे वर्सोवा हाकेच्या अंतरावर दिसते. फेरीबोट मिळाली तर काही मिनिटांत पलीकडे पोहोचता येते. बोट बंद असली, तर मात्र मार्वे-मालाडचा मोठा वळसा घालण्यावाचून पर्याय उरत नाही. पुरुषांच्या सांघिक टेनिसमधील सर्वांत प्रतिष्ठेच्या डेव्हिस करंडक स्पर्धेत भारतीय संघाची अवस्था अनेक वर्षे काहीशी अशीच होती. जगातील अव्वल १६ संघांचा विश्वगट डोळ्यांसमोर दिसत असे. पण तेथे पोहोचण्यासाठी दर वर्षी आशिया-ओशनिया विभागाचा वळसा घ्यावा लागे.

हा विभाग म्हणजे नेमके काय, त्यातून वर जाण्याची वाट कशी होती आणि ती वाट आता का उरली नाही, हे समजून घेण्यासाठी पुण्यातील बालेवाडी येथे फेब्रुवारी २०१७ मध्ये झालेली भारत-न्यूझीलंड लढत हे उत्तम उदाहरण ठरते.

विभागांची रचना

डेव्हिस करंडक स्पर्धेला १९०० मध्ये अमेरिका आणि ब्रिटिश बेटे यांच्यातील लढतीने बॉस्टन येथे प्रारंभ झाला. भारताने १९२१ मध्ये या स्पर्धेत पदार्पण केले. सहभागी देशांची संख्या वाढत गेल्यावर १९२३ मध्ये अमेरिकन आणि युरोपीय असे दोन विभाग करण्यात आले. पुढे पन्नासच्या दशकात त्यांत पूर्व विभागाची भर पडली. याच पूर्व विभागातून भारताने १९६६ आणि १९७४ मध्ये अंतिम फेरी गाठली. १९७४ च्या वाटचालीत पुण्याचाही वाटा होता. त्या वर्षी पुण्यात झालेल्या लढतीत भारताने सोव्हिएत संघावर ३-१ अशी मात केली. मात्र अंतिम फेरीतील प्रतिस्पर्धी दक्षिण आफ्रिका होता आणि तेथील वर्णद्वेषी धोरणाच्या निषेधार्थ भारताने ती लढत खेळण्यास नकार दिला.

१९८१ मध्ये स्पर्धेचे स्वरूप बदलले. अव्वल १६ देशांचा विश्वगट स्थापन झाला आणि उर्वरित देश भौगोलिक विभागांत विभागले गेले. या विभागांतही पुढे पहिला, दुसरा, तिसरा असे गट पडले. विश्वगटाच्या पहिल्याच फेरीत पराभूत होणारे आठ संघ आणि विभागीय पहिल्या गटांतून पुढे आलेले आठ संघ यांच्यात सप्टेंबरमध्ये प्लेऑफ लढती होत. या आठ जागांपैकी आशिया-ओशनियाच्या वाट्याला अवघ्या दोन जागा येत. त्यामुळे वर्षाच्या प्रारंभी एक लढत गमावली, की विश्वगटाचा विचार थेट पुढील वर्षावर ढकलला जाई. उलट दुसऱ्या गटात घसरण्याचे संकट डोक्यावर उभे राही.

बालेवाडीतील तीन दिवस

दोन देशांमधील प्रत्येक लढतीत पाच सामने असत. शुक्रवारी दोन एकेरी, शनिवारी दुहेरी आणि रविवारी परतीचे दोन एकेरी सामने. पाचपैकी तीन सामने जिंकणारा देश विजयी ठरे. सामने पाच सेटचे असल्याने कौशल्याइतकाच दमसासही पणाला लागत असे.

३ ते ५ फेब्रुवारी २०१७ या काळात बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत याच स्वरूपात लढत झाली. १९७४ नंतर पुण्यात होणारी डेव्हिस करंडकाची ही पहिलीच लढत होती. योगायोगाची बाब म्हणजे १९७४ च्या भारतीय संघातील आनंद अमृतराज या वेळी न खेळणारे कर्णधार होते आणि कर्णधार म्हणून त्यांची ही अखेरची लढत होती.

पहिल्या दिवशी युकी भांबरीने फिन टिअर्नीला, तर रामकुमार रामनाथनने जोस स्टॅथमला सरळ सेटमध्ये नमवून भारताला २-० अशी आघाडी मिळवून दिली. शनिवारी सर्वांच्या नजरा लिअँडर पेसवर होत्या. डेव्हिस करंडकात दुहेरीचे ४२ सामने जिंकून त्याने इटलीच्या निकोला पिएत्रांजेली याच्या विक्रमाशी बरोबरी साधली होती. आणखी एक विजय त्याला इतिहासात एकट्याचे स्थान मिळवून देणार होता. साकेत मायनेनी दुखापतग्रस्त झाल्याने पेसच्या साथीला विष्णुवर्धन आला. मात्र आर्टेम सिटाक आणि मायकेल व्हीनस या जोडीने पुणेकरांची निराशा केली. याच व्हीनसने चार महिन्यांनंतर फ्रेंच खुल्या स्पर्धेत पुरुष दुहेरीचे विजेतेपद पटकावले, यावरून प्रतिस्पर्ध्याचा दर्जा लक्षात यावा. रविवारी रामकुमारने टिअर्नीला हरवून विजय निश्चित केला आणि युकीने अखेरचा सामनाही जिंकल्याने भारताने ४-१ अशी सरशी साधली.

यजमानपदाचे मोल

ही लढत पुण्यातच का झाली, याचे उत्तर स्पर्धेच्या एका साध्या नियमात आहे. दोन देशांमधील मागील लढत ज्या देशात झाली असेल, त्याच्या प्रतिस्पर्ध्याला पुढील लढतीचे यजमानपद मिळते. भारत आणि न्यूझीलंड २०१२ मध्ये चंडीगड येथे, तर २०१५ मध्ये ख्राइस्टचर्च येथे आमनेसामने आले होते. साहजिकच २०१७ मध्ये पाळी भारताची होती.

यजमानपद म्हणजे केवळ घरच्या प्रेक्षकांच्या टाळ्या नव्हेत. कोणत्या शहरात, कोणत्या पृष्ठभागावर खेळायचे, याची निवड यजमानच करतो. स्वतःच्या खेळाडूंना अनुकूल आणि पाहुण्यांना अडचणीचा ठरेल असा पृष्ठभाग निवडणे हा या स्पर्धेतील मान्य डावपेच आहे. एप्रिल २००६ मध्ये मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मैदानावर पाकिस्तानविरुद्धची लढत गवताळ कोर्टवर खेळवण्यात आली, ती याच विचाराने. तरीही ती लढत २-२ अशा बरोबरीपर्यंत ताणली गेली आणि निर्णायक पाचव्या सामन्यात पेसने अकील खानला हरवल्यावरच भारताची सुटका झाली.

पाळीच्या या नियमाचे पडसाद वर्षानुवर्षे उमटत राहतात. मुंबईनंतर पुढील भारत-पाकिस्तान लढतीचे यजमानपद पाकिस्तानकडे जाणार होते. तो योग २०१९ मध्ये आला, तेव्हा सुरक्षेच्या कारणास्तव ती लढत इस्लामाबादऐवजी कझाकस्तानची राजधानी नूर-सुलतान (आताचे अस्ताना) येथे हलवावी लागली आणि भारताने ती ४-० अशी जिंकली. कधी कधी तर एकही चेंडू न मारता निकाल लागतो. मे २००९ मध्ये चेन्नईतील लढतीसाठी सुरक्षेचे कारण पुढे करून ऑस्ट्रेलियाने येण्यास नकार दिला आणि भारताला पुढे चाल मिळाली. त्या संधीचे सोने करीत भारताने सप्टेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेला त्यांच्याच देशात हरवून विश्वगटात प्रवेश मिळवला.

दारापर्यंत पोहोचून परत

बालेवाडीतील विजयानंतर एप्रिल २०१७ मध्ये महेश भूपतीच्या नेतृत्वाखाली भारताने बंगळुरूत उझबेकिस्तानवर मात केली आणि विश्वगटाच्या प्लेऑफमध्ये धडक मारली. सप्टेंबरमध्ये एडमंटन येथे कॅनडाविरुद्धची लढत मात्र २-३ अशी गमावली.

ही एका वर्षाची कहाणी नव्हती. भारत २०११ मध्ये शेवटचा विश्वगटात खेळला. त्यानंतर २०१४ ते २०१८ या सलग पाच वर्षांत त्याने आशिया-ओशनियाचा अडसर ओलांडला आणि पाचही वेळा प्लेऑफमध्ये त्याला माघारी फिरावे लागले. २०१४ मध्ये सर्बिया, २०१५ मध्ये चेक प्रजासत्ताक, २०१६ मध्ये स्पेन, २०१७ मध्ये कॅनडा आणि २०१८ मध्ये पुन्हा सर्बिया, असा हा क्रम होता. यांपैकी पहिल्या तीन लढती तर भारतातच झाल्या होत्या. म्हणजे यजमानपदाचा लाभ शेजारच्या देशांविरुद्ध पुरेसा ठरत होता. पण जागतिक क्रमवारीतील पहिल्या शंभरात एकेरीचे अनेक खेळाडू बाळगणाऱ्या युरोपीय देशांसमोर तो अपुरा पडत होता.

आशिया-ओशनिया विभागाचे खरे स्वरूप येथे स्पष्ट होते. तो भारतासाठी आधारही होता आणि मर्यादाही. तुल्यबळ प्रतिस्पर्धी, ओळखीचे हवामान आणि वर्षाआड का होईना, घरच्या मैदानावर खेळण्याची शक्यता यांमुळे तरुण खेळाडूंना देशासाठी खेळण्याचा अनुभव मिळत असे. परंतु विभागात मिळणारे विजय एकेरीतील उणीव झाकून ठेवत आणि ती सप्टेंबरमध्ये उघडी पडे.

बदललेली वाट

२०१८ मध्ये विभागीय लढती तीनऐवजी दोन दिवसांच्या आणि सामने पाचऐवजी तीन सेटचे झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये चीनमधील तिआनजिन येथे ०-२ अशा पिछाडीवरून भारताने ३-२ असा विजय खेचून आणला. पुण्यात हुकलेला दुहेरीचा ४३ वा विजय पेसला तेथे रोहन बोपण्णाच्या साथीने मिळाला. पुढे नूर-सुलतान येथे त्याने ही संख्या ४४ वर नेली.

२०१९ मध्ये सोळा संघांचा विश्वगट इतिहासजमा झाला. त्याच्या जागी पात्रता फेरी आणि वर्षअखेरीस एकाच शहरात होणारा अंतिम टप्पा आला. त्यापाठोपाठ विभागीय पहिला आणि दुसरा गटही रद्द झाले व त्यांची जागा जागतिक पहिल्या आणि दुसऱ्या गटांनी घेतली. भौगोलिक विभाग आता तिसऱ्या गटापासून खालीच उरले आहेत. परिणामी न्यूझीलंड, उझबेकिस्तान किंवा चीनऐवजी भारताच्या वाट्याला फिनलंड, नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन असे प्रतिस्पर्धी येऊ लागले. तेही बहुधा त्यांच्या बंदिस्त कोर्टवर. २०२१ मध्ये फिनलंडकडून, २०२२ मध्ये नॉर्वेकडून पराभव झाला आणि २०२३ मध्ये डेन्मार्कविरुद्ध हरल्याने भारत नव्या रचनेत प्रथमच दुसऱ्या गटात घसरला. आशिया-ओशनियाचा आधार गेल्याची किंमत अशी चुकवावी लागली.

परंतु चित्राला दुसरी बाजूही आहे. मोरोक्को, पाकिस्तान आणि टोगो यांना हरवून भारत सावरला. सप्टेंबर २०२५ मध्ये बील येथे स्वित्झर्लंडला त्यांच्याच भूमीवर ३-१ असे नमवून त्याने २०२६ च्या पात्रता फेरीत स्थान मिळवले. सुमित नागलने एकेरीचे दोन्ही सामने जिंकले, तर पदार्पण करणाऱ्या दक्षिणेश्वर सुरेशने सलामीचा सामना जिंकून वाट मोकळी केली. युरोपीय देशाला युरोपात हरवण्याची कामगिरी भारताने यापूर्वी १९९३ मध्ये फ्रान्सविरुद्ध केली होती. त्यानंतरची ३२ वर्षांची प्रतीक्षा बीलमध्ये संपली.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ थोडा वेगळा आहे. बालेवाडीने २०१८ ते २०२३ या काळात २०२१ चा अपवाद वगळता महाराष्ट्र खुली एटीपी स्पर्धाही भरवली. ती स्पर्धा आता राज्यात होत नाही आणि डेव्हिस करंडकाची लढत येथे येण्यासाठी यजमानपदाची पाळी व महासंघाचा कौल हे दोन्ही जुळून यावे लागतात. मात्र पुढे कधी असा योग आलाच, तर बालेवाडीच्या कोर्टवर उतरणारा पाहुणा संघ शेजारचाच असेल, असे गृहीत धरता येणार नाही. वळशाचा जुना रस्ता बंद झाला आहे. आता पलीकडे जायचे, तर थेट खाडीच पार करावी लागणार आहे.