सतरा ऑक्टोबरची पंगत

अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे माजी विद्यार्थी जिथे जातील तिथे आपले मंडळ काढतात. वर्षातून एकदा एकत्र जेवतात, गातात आणि घरी जातात. पण या मंडळांचे मोठेपण जेवणात नाही, वर्गणीच्या वहीत आहे.

ऑक्टोबरचा मध्य आला की दिल्ली-मुंबईपासून कराचीपर्यंत आणि आखाती देशांपासून अमेरिकेपर्यंत अनेक शहरांत एक ठरलेला सोहळा रंगतो. भाड्याने घेतलेले सभागृह, काळ्या शेरवान्या घातलेले पुरुष, ठेवणीतल्या साड्या आणि शरारे नेसलेल्या स्त्रिया, स्वयंपाकघराकडून येणारा बिर्याणीचा दरवळ. सत्तरी ओलांडलेले एखादे गृहस्थ पंचविशीच्या तरुणाला विचारतात, ''कोणत्या हॉलमध्ये होतास?'' उत्तर मिळाले की ओळख झालीच! मग वयाचे, हुद्द्याचे, श्रीमंतीचे अंतर उरत नाही. उरतात दोघेच, एक सीनियर आणि एक ज्युनियर.

भाषणे होतात, शेरोशायरी होते आणि शेवटी सगळे उठून उभे राहतात. विद्यापीठाचे गीत, म्हणजे 'तराना', सुरू होतो. हे गीत मजाज लखनवी या कवीच्या १९३६ च्या कवितेवरून घेतलेले आहे. मजाज स्वतः अलीगढचेच विद्यार्थी आणि गीतकार जावेद अख्तर यांचे सख्खे मामा. तराना म्हणताना कुणाचा आवाज चढतो, तर कुणाचा भरून येतो.

हा दिवस आहे १७ ऑक्टोबर, विद्यापीठाचे संस्थापक सर सय्यद अहमद खान यांचा जन्मदिवस. त्यांचा जन्म १८१७ चा. त्यांनी १८७५ मध्ये अलीगढला एक शाळा काढली, १८७७ मध्ये तिच्या महाविद्यालयाची कोनशिला बसली आणि १९२० मध्ये त्याचे विद्यापीठ झाले. इथून पदवी घेतलेली माणसे आपल्या नावापुढे अभिमानाने 'अलीग' असे लिहितात. पदवी सगळीकडेच मिळते, पण पदवीला गावाचे नाव चिकटवून ते आयुष्यभर मिरवणारे फार थोडे!

अफरातफर आणि आणीबाणी

वर्षातून एकदा जेवायला जमणारी मंडळे काही अलीगढचीच नाहीत. मग यांचे वेगळेपण कशात? त्यासाठी शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

सर सय्यद यांनी महाविद्यालय उभे केले ते लोकवर्गणीतून. देणगी देणाऱ्यांची नावे त्यांनी इमारतींच्या आणि आवाराच्या दगडांवर कोरून घेतली. त्यात मुसलमानांबरोबर हिंदूंचीही नावे आहेत. असा पैपैने उभा राहिलेला संसार १८९५ मध्ये अचानक डळमळला. महाविद्यालयाच्या निधीतून एक लाखाहून अधिक रुपयांची अफरातफर झाल्याचे उघडकीस आले. त्या काळचे एक लाख! म्हातारपणी सर सय्यद यांना हा घाव सोसावा लागला आणि १८९८ च्या मार्चमध्ये ते निवर्तले. मागे राहिली एक रिकामी तिजोरी आणि 'आता पुढे काय?' हा प्रश्न.

माजी विद्यार्थ्यांची 'ओल्ड बॉईज असोसिएशन' उभी राहिली ती याच दिवसांत, शतक संपता संपता. म्हणजे हे मंडळ जन्माला आले ते मेजवानीसाठी नव्हे, तर घर अडचणीत आले म्हणून कमावती मुले धावून आली, अशातला तो प्रकार होता.

जगातही असेच घडल्याचे दिसते. अमेरिकेतील विल्यम्स कॉलेजचे माजी विद्यार्थी मंडळ १८२१ चे, आणि आजवर अखंड चालत आलेल्या अशा मंडळांत ते सर्वांत जुने मानले जाते. त्या वर्षी कॉलेजचे अध्यक्षच काही विद्यार्थ्यांना घेऊन दुसऱ्या गावी नवे कॉलेज चालवायला निघून गेले होते. जुने कॉलेज बंद पडणार असे दिसताच तिथून शिकून गेलेले पदवीधर एकत्र आले आणि कॉलेज वाचले. संकटाने जोडलेले नाते असे टिकते.

भीक नव्हे, कर्तव्य

अलीगढच्या मुलांना ही सवय विद्यार्थीदशेतच लावली गेली होती. १८९० च्या सुमारास साहिबजादा आफताब अहमद खान यांनी 'ड्यूटी सोसायटी' काढली. गरीब मुलांच्या शिक्षणासाठी पैसे जमवणे हे तिचे काम. सुट्टी लागली की मुले गटागटाने गावोगावी निघत आणि दारोदार फिरून निधी गोळा करत. चांगल्या घरची मुले झोळी घेऊन हिंडतात, हे त्या काळी अनेकांना खटकले असणारच. पण नावातच उत्तर होते. ही भीक नव्हे, हे कर्तव्य!

आपल्याकडच्या माधुकरीची इथे आठवण व्हावी. फरक इतकाच, की माधुकरी मागणारा मुलगा स्वतःच्या पोटासाठी मागत असे आणि अलीगढचा मुलगा आपल्या शेजारच्या खोलीतल्या मुलासाठी. पुढे हेच आफताब अहमद खान विद्यापीठाचे कुलगुरू झाले. तिथल्या एका वसतिगृह-संकुलाला त्यांचे नाव आहे आणि त्यांची सोसायटीही टिकून आहे.

झोळीची ही सवय मोठेपणीही सुटली नाही. १९११ मध्ये महाविद्यालयाचे विद्यापीठ करण्यासाठी आगाखान यांनी देशभर निधी मोहीम काढली, तेव्हा त्यांच्याबरोबर गावोगाव फिरले ते शौकत अली. अलीबंधूंपैकी थोरले, विद्यार्थी असताना अलीगढच्या क्रिकेट संघाचे कप्तान आणि नंतर ओल्ड बॉईजचे खंदे कार्यकर्ते.

पगार थोडा, निष्ठा मोठी

सगळ्यांनीच पैशांनी मदत केली असे नाही. काहींनी वर्षे दिली. झाकीर हुसेन हे अलीगढचे विद्यार्थी. १९२० मध्ये असहकाराच्या चळवळीत तिथूनच 'जामिया मिलिया इस्लामिया' ही नवी राष्ट्रीय संस्था निघाली. ती पुढे दिल्लीला हलली आणि पैशांअभावी बंद पडायच्या बेताला आली. झाकीर हुसेन तेव्हा जर्मनीत डॉक्टरेट करत होते. १९२६ मध्ये ते परतले आणि तुटपुंज्या वेतनावर त्यांनी जामियाची धुरा घेतली, ती तब्बल बावीस वर्षे. फाळणीनंतरच्या अवघड काळात, १९४८ मध्ये, ते आपल्या जुन्या विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून अलीगढला परतले. १९६७ मध्ये ते राष्ट्रपती झाले.

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटणार नाही. फर्ग्युसनचे विद्यार्थी रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. भारतातला तो पहिलाच मान. त्यांच्यापुढे मोठमोठ्या नोकऱ्या हात जोडून उभ्या होत्या. तरीही ते पुण्याला परतले आणि थोडक्या पगारावर आपल्याच कॉलेजात शिकवू लागले. माजी विद्यार्थी कसा असावा, याचे उत्तर अलीगढला आणि पुण्याला एकच सापडले होते.

कराचीच्या मंडळाने काढलेले विद्यापीठ

१९४७ मध्ये देशाची फाळणी झाली. अलीगढचे कितीतरी पदवीधर कराचीला गेले आणि जिथे शिकलो ते गाव एका रात्रीत परदेश होऊन बसले. ना सहज जाणे-येणे, ना जुन्या वसतिगृहाची खोली मुलांना दाखवण्याची सोय. अशा माणसांचे मंडळ केवळ आठवणी उगाळत बसले असते तरी त्यांना कोणी नावे ठेवली नसती.

पण कराचीच्या ओल्ड बॉईजनी वेगळे केले. त्यांनी आधी एक तंत्रशिक्षण संस्था काढली आणि १९९३ मध्ये 'सर सय्यद अभियांत्रिकी व तंत्रज्ञान विद्यापीठ' स्थापन केले. एका शहरातले माजी विद्यार्थी मंडळ एक अख्खे विद्यापीठ काढते, याहून मोठी बातमी अशा मंडळाच्या वार्षिक अहवालात दुसरी कोणती असणार? घर हातचे गेले, तर घराचे वळण सोबत नेता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

'ओल्ड बॉईज', मग मुली कुठे?

या सगळ्या कौतुकात एक गोष्ट मात्र खटकते, ती म्हणजे नाव. 'ओल्ड बॉईज' म्हणजे जुने मुलगे. मग जुन्या मुलींचे काय?

मुलींचा इतिहास काही कमी नाही. शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी १९०६ मध्ये अलीगढला मुलींची शाळा काढली. त्या काळी मुलींना घराबाहेर पाठवायला आईबाप धजत नसत. वसतिगृह सुरू झाले तेव्हा वहीद जहाँ तिथल्या मुलींची आईच झाल्या. त्याच शाळेचे पुढे विद्यापीठाचे महिला महाविद्यालय झाले. डॉक्टर आणि लेखिका रशीद जहाँ या त्यांच्याच कन्या. बंडखोर लेखिका इस्मत चुगताईही अलीगढला शिकल्या आणि पुढे आयुष्यभर मुंबईच्या झाल्या. विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती तर एक स्त्रीच होत्या, भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम. पण कुलगुरूपदावर स्त्री यायला २०२४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी नईमा खातून कुलगुरू झाल्या. त्याही इथल्याच माजी विद्यार्थिनी आणि महिला महाविद्यालयाच्या माजी प्राचार्या.

आता अनेक शहरांतल्या मंडळांनी 'ओल्ड बॉईज'ऐवजी 'अ‍ॅल्युम्नाय' हे नाव घेतले आहे. पण नाव बदलल्याने प्रश्न मिटत नाही आणि हा प्रश्न एकट्या अलीगढचा नाही. लग्न झाले की मुलीचे आडनाव बदलते, पत्ता बदलतो आणि महाराष्ट्रात तर पुष्कळदा नावही बदलते. कॉलेजच्या रजिस्टरमधली कुलकर्णी कुठल्या गावी कोणाच्या घरात हरवली, हे शोधणार कोण? मग मंडळाच्या मेळाव्यात ती येते ती 'अमक्याच्या मिसेस' म्हणून. तिची स्वतःची पदवी, तिने गाजवलेली वक्तृत्व स्पर्धा, तिचे सुवर्णपदक, सगळे घरातल्या ट्रंकेत! ज्या मंडळाच्या यादीत सुनांचे माहेरचे नाव लिहायला रकाना नाही, त्या मंडळाने अर्धे विद्यार्थी आधीच गमावलेले असतात.

कोटींचे आकडे आणि छोटी वर्गणी

अलीकडे माजी विद्यार्थ्यांची बातमी म्हटली की कोटींचे आकडे समोर येतात. नंदन निलेकणी यांनी १९७३ मध्ये मुंबईच्या आयआयटीत प्रवेश घेतला होता. त्याला पन्नास वर्षे झाली म्हणून २०२३ मध्ये त्यांनी संस्थेला ३१५ कोटी रुपये दिले. त्याच वर्षी तिथल्या १९९८ च्या तुकडीने रौप्यमहोत्सवानिमित्त मिळून ५७ कोटी दिले. ही दाने मोठी आहेत आणि त्यांचे कौतुक व्हायलाच हवे.

पण हे आकडे वाचून तालुक्याच्या गावातला शिक्षक किंवा बँकेतला कारकून बिचकतो. 'आपण काय देणार?' म्हणून तो मेळाव्यालाच जात नाही. खरी हानी इथे होते. ज्याला गाडी घेता आली नाही, ज्याचा धंदा बसला, ज्याची नोकरी गेली, तोच नेमका सभागृहाच्या पायऱ्या चढत नाही. खरे तर मंडळाची गरज त्यालाच सर्वांत जास्त असते. दुसरीकडे, अध्यक्षपदावरून रुसवेफुगवे, व्यासपीठावरच्या खुर्च्यांची भांडणे आणि हारतुऱ्यांचे फोटो यांतच कित्येक मंडळांचे वर्ष संपून जाते.

स्थानिक मंडळाने करण्याजोगे काम साधे असते. शहरात नव्याने नोकरीला आलेल्या मुलाला राहायला खोली शोधून देणे. आपल्या गावातून विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्या मुलीच्या आईवडिलांना धीर देणे आणि प्रवेशाचे अर्ज समजावून सांगणे. उपचारासाठी आलेल्या जुन्या सोबत्याला रुग्णालयात डबा पोहोचवणे. एकट्या पडलेल्या वृद्ध प्राध्यापकांची महिन्यातून एकदा विचारपूस करणे. आणि वर्षाला एका, निदान एका, गरजू मुलाची किंवा मुलीची फी भरणे. यासाठी कोट्यधीश लागत नाहीत. वीस-पंचवीस घरे आणि वेळेवर वर्गणी मागायला न लाजणारा एक चिटणीस पुरतो.

बिल कोणी भरायचे?

अलीगढमध्ये एक अलिखित रिवाज आहे. सीनियर आणि ज्युनियर एकत्र चहा प्यायला गेले, तर पैसे सीनियरने द्यायचे. ज्युनियरने खिशात हात घातला तरी तो अपमान समजला जातो. मग ज्युनियरने उपकार फेडायचे कसे? तर पुढच्या वर्षी आपल्या ज्युनियरचा चहा पाजून! कर्ज ज्याचे त्याला परत जात नाही, ते पुढच्याला मिळते.

माजी विद्यार्थी मंडळ म्हणजे हाच रिवाज, कॉलेज सुटल्यावरही चालू ठेवलेला. ज्या दगडावर आपले नाव नाही अशा दगडाच्या भिंतीआड प्रत्येक विद्यार्थी शिकलेला असतो. त्याच्या शिक्षणाचे पैसे कोणीतरी आधीच, त्याला न ओळखता, भरलेले असतात.

१७ ऑक्टोबरची पंगत उठते, शेरवान्या पुन्हा कपाटात जातात. सभागृहाचे दिवे मालवले जात असताना चिटणीस एका कोपऱ्यात वही उघडून बसलेला असतो. त्या वहीत त्या रात्री किती नावे वाढली आणि कोणा अनोळखी मुलाची फी भरली गेली, यावरून ठरते, की त्या संध्याकाळी नुसते जेवण झाले की मंडळ जमले.