लिनक्स हेडर फाइलींचे शुद्धीकरण

लिनक्स कर्नेलच्या स्रोतातील हेडर फाइलींमधून कर्नेलच्या अंतर्गत वापराचा मजकूर वगळून, युजरस्पेसमधील प्रोग्रॅमांना आवश्यक असलेला भागच वेगळा काढण्याच्या प्रक्रियेस हेडर फाइलींचे शुद्धीकरण म्हणतात. ग्लिबसीसारख्या सी लायब्ररी अशा शुद्ध फाइलींच्या आधारे बांधल्या जातात.

गरज

प्रोग्रॅम आणि कर्नेल यांच्यातील व्यवहार सिस्टिम कॉलद्वारे चालतो. कॉलांचे क्रमांक, स्थिरांक आणि स्ट्रक्चरांची रचना दोन्ही बाजूंना सारखीच ठाऊक असावी लागते. रचनेत तफावत असल्यास कंपायलर तक्रार करीलच असे नाही. प्रोग्रॅम तयार होतो, परंतु माहिती चुकीची वाचतो.

याच फाइलींत पूर्वी कर्नेलची खासगी फंक्शनेही असत. काही प्रोग्रॅम x८६ प्रोसेसरवरील अविभाज्य क्रियांची कर्नेलची हेडर फाइल थेट वापरीत. प्रोसेसरांमधील संघर्ष टाळणारा 'लॉक' हा उपसर्ग तीत बहुप्रोसेसर पर्याय निवडला असेल तरच येई. प्रोग्रॅममध्ये तो पर्याय परिभाषित नसल्याने उपसर्ग गळून पडे आणि एकाहून अधिक प्रोसेसर असलेल्या यंत्रावर त्या क्रिया अविभाज्य राहत नसत.

इतिहास

सुरुवातीच्या काळात युजरस्पेसची हेडर निर्देशिका थेट कर्नेलच्या स्रोताशी जोडण्याची प्रथा होती. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००० साली तिला विरोध केला. पुढे निरनिराळी वितरणे आपापल्या शुद्ध प्रती राखू लागली. परिणामी एकाच कामाची पुनरावृत्ती होऊ लागली आणि प्रतींमध्ये फरक पडू लागला.

२००६ मधील २.६.१८ या आवृत्तीत डेव्हिड वुडहाउस यांच्या कामातून 'मेक हेडर्स_इन्स्टॉल' ही आज्ञा कर्नेलमध्येच समाविष्ट झाली. डिसेंबर २०१२ मधील ३.७ या आवृत्तीत डेव्हिड हॉवेल्स यांनी सार्वजनिक मजकूर 'यूएपीआय' नावाच्या स्वतंत्र निर्देशिकांत हलविला. त्यामुळे कोणता मजकूर बाहेरच्या प्रोग्रॅमांसाठी आहे हे फाइलीच्या स्थानावरूनच स्पष्ट होते.

कार्यपद्धती

ही आज्ञा यूएपीआय निर्देशिकांतील फाइली घेते. कर्नेलपुरते राखीव असलेले सशर्त भाग 'अनइफडेफ' या साधनाने काढले जातात. कर्नेलच्या तपासणी-साधनांसाठी असलेली '__युजर' यांसारखी चिन्हेही वगळली जातात. पूर्णांकांसाठी दोन अधोरेखांनी सुरू होणारी '__यू३२' यांसारखी नावे वापरतात, जेणेकरून प्रोग्रॅममधील नावांशी त्यांची टक्कर होऊ नये.

सुसंगतता आणि परवाना

जुन्या हेडर फाइलींवर बांधलेला प्रोग्रॅम नव्या कर्नेलवर चालावा, असे कर्नेलचे धोरण आहे. याउलट, नव्या फाइलींवर बांधलेला प्रोग्रॅम जुन्या कर्नेलवर चालेलच असे नाही. सिस्टिम कॉलद्वारे कर्नेलची सेवा घेणारा प्रोग्रॅम कर्नेलची साधित कृती मानला जात नाही, अशी टीप कर्नेलच्या जीपीएल परवान्यास जोडलेली आहे. त्यामुळे अन्य परवान्यांखालील प्रोग्रॅमही या फाइली वापरू शकतात.