जुने सोन्याचे नाणे आणि त्याची किंमत

सोन्याचे नाणे जितके जुने तितके मौल्यवान, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात अशा नाण्याच्या किमतीचे दोन भाग असतात. पहिला धातुमूल्य (नाण्यातील शुद्ध सोन्याची बाजारभावाने होणारी किंमत). दुसरा संग्रहमूल्य (संग्राहक त्यावर जी जास्तीची रक्कम देतात ती). जुन्या पैठणीतली जरीची तार वजनावर विकली तर एक रक्कम येते. पैठणी म्हणून विकली तर वेगळी. नाण्याचेही तसेच आहे.

संग्रहमूल्य वयावर नव्हे, तर आज किती नाणी शिल्लक आहेत, ती कोणत्या स्थितीत आहेत आणि त्यांना मागणी किती आहे यांवर ठरते. मुंबईत १९१८ साली पाडलेल्या सॉव्हरिन या ब्रिटिश सोन्याच्या नाण्यात सुमारे ७.३२ ग्रॅम शुद्ध सोने असते. ते शतकाहून जुने असले, तरी अशी सुमारे तेरा लाख नाणी पाडली गेली होती. अमेरिकेचे १९३३चे वीस डॉलरचे नाणे त्याहून नवे. पण त्या सालची जवळपास सर्व नाणी सरकारने वितळवली. कायदेशीर खासगी मालकीचे एकमेव नाणे २०२१ मध्ये सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरला विकले गेले.

जुने नाणे घासून चकचकीत केल्यास संग्रहमूल्य घटते. तसेच भारतात शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात. खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाहीत. म्हणून खरेदीपूर्वी धातुमूल्य वेगळे काढावे आणि उरलेली रक्कम कशासाठी मोजतो आहोत, ते तपासावे.