महासाथ, महापूर आणि ज्येष्ठांचे आरोग्य : महाड-पोलादपूर तालुक्यांच्या संदर्भात

कोविड-१९ च्या महासाथीत वृद्धांना घरातच सुरक्षित ठेवणे हा संरक्षणाचा प्रमुख उपाय मानला गेला. महाड व पोलादपूर तालुक्यांत मात्र या उपायाला मर्यादा पडतात. डोंगराळ वाड्यांतील कर्ती पिढी मुंबईस चाकरमानी असल्याने अनेक घरांत वृद्धच उरतात. चाकरमानी गावी आले तर संसर्गाचे भय, न आले तर आधाराचा अभाव, असा हा पेच होय.

दि. १ मार्च २०२१ पासून साठ वर्षांवरील नागरिकांचे लसीकरण सुरू झाले. त्याच वर्षी २२ जुलै रोजी महाड शहर पुराने वेढले गेले, तर तळिये, केवनाळे व सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. घरच नाहीसे झाल्यावर विलगीकरण अर्थहीन ठरते. निवाऱ्यातील गर्दीत संसर्ग वाढतो, रक्तदाब-मधुमेहाच्या औषधांत खंड पडतो आणि पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसचाही धोका संभवतो.

म्हणून महासाथ व नैसर्गिक आपत्ती यांचे नियोजन एकत्रित असणे अगत्याचे आहे. एकाकी वृद्धांची वाडीनिहाय यादी, पावसाळ्यापूर्वी महिनाभराची औषधे, वाडीतच लसीकरण आणि निवाऱ्यात हवेशीर स्वतंत्र खोली ही त्याची किमान अंगे होत. वृद्धांनी घरात राहावे, एवढे सांगणे पुरेसे नाही. घर सोडावे लागल्यास त्यांनी कोठे जावे, हेही आधीच ठरले पाहिजे.