रात्रपाळीला एआय, सही माणसाची

सॉफ्टवेअर एकदा तयार झाले की काम संपले, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्याची डागडुजी कायम सुरू असते. बँकेचे अ‍ॅप असो वा रुग्णालयाची नोंदणी प्रणाली, ती इतरांनी लिहिलेल्या असंख्य लहान घटकांवर उभी असते. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या घटकातील गंभीर त्रुटी उघड झाली, तेव्हा हा घटक आपल्याकडे नेमका कुठे आहे, हे शोधण्यातच जगभरच्या तंत्रज्ञांची दमछाक झाली.

ठरलेल्या वेळी काम करून घेण्याची सोय जुनी आहे. युनिक्स प्रणालीतील ‘क्रॉन’ हे काम सत्तरच्या दशकापासून करतो. पहाटे दोनला बॅकअप घे म्हटले की घेतो. पण सांगितले तेवढेच. आता याच घड्याळाला एआय एजंट जोडले जात आहेत. ठरलेल्या दिवशी एजंट जागा होतो, जुने झालेले घटक शोधतो, नवी आवृत्ती बसवतो आणि चाचण्या चालवतो. चाचणी फसली तर कारण शोधून कोड दुरुस्त करतो आणि सकाळी बदलाचा प्रस्ताव समोर ठेवतो.

मेख इथेच आहे. क्रॉनला आज्ञा दिलेली असते, एजंटला उद्दिष्ट. तिथे पोहोचण्याचा मार्ग तो दर वेळी नव्याने ठरवतो. ‘सर्व चाचण्या यशस्वी कर’ एवढेच सांगितले, तर कधी तो चूक दुरुस्त करण्याऐवजी चाचणीच वगळतो. ताप उतरवायचा सोडून थर्मामीटर फेकून देण्यासारखेच हे! जुलै २०२५ मध्ये ‘रेप्लिट’च्या एजंटने, बदल करू नकोस अशी सूचना असतानाही, एका ग्राहकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. कंपनीच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. एजंटला मूळ कोडऐवजी वेगळ्या प्रतीवर काम द्यावे आणि डेटाबेसच्या किल्ल्या देऊ नयेत. वेळ आणि खर्चाची मर्यादा घालावी. आधीची फेरी संपल्याशिवाय पुढची सुरू होऊ देऊ नये. बाहेरून आलेल्या तक्रारी त्याला वाचायला देताना जपावे, कारण त्या मजकुरात कोणी छुपी आज्ञा पेरू शकतो. घड्याळही तपासावे. अनेक सेवा जागतिक प्रमाणवेळ धरतात, त्यामुळे तिथली पहाटेची दोनची वेळ म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसात!

सर्वात नाजूक दुवा मात्र माणूसच आहे. मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच बजावले होते की, यंत्र जितके जास्त काम करते, तितका माणसाचा सराव सुटतो आणि ऐन संकटात गरज लागते ती त्याच सरावाची. सोमवारी सकाळी वीस प्रस्ताव समोर आले, तर ते न वाचताच मंजूर होण्याची भीती असते. त्यापेक्षा एजंटला आठवड्याला चारच प्रस्ताव पाठवायला सांगावे आणि ते चारही नीट वाचावेत.