फेरफाराच्या पानांतली माणसं

सातबारा हातात आला की नजर आधी क्षेत्रावर जाते, मग नावावर. नावाखाली वर्तुळात लिहिलेला छोटा आकडा सहसा कोणी वाचत नाही. घराण्याचा माग काढणाऱ्यानं मात्र तिथूनच सुरुवात करावी. तो फेरफार क्रमांक. गावच्या फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, त्या क्रमांकाची नोंद काढली की ते नाव उताऱ्यावर का चढलं ते कळतं: कोण वारलं, मागे कोण राहिलं, कोणी विकलं, कोणी गहाण टाकलं, कोणी हक्क सोडला. त्याच्या आधीच्या हस्तलिखित सातबाऱ्यावर आणखी जुना क्रमांक असतो. त्या क्रमांकाची नोंद काढायची, मग त्याहून जुना उतारा. असं मागे सरकत गेलं तर नशिबानं पणजोबांच्या वडिलांपर्यंत पोचता येतं. आणि हे कोणा सरदार-जहागीरदाराच्या घराण्यापुरतं नाही. दोन एकर कोरडवाहू जमिनीवर पोट भरलेल्या कुटुंबालाही ते जमतं.

ही वही इंग्रजी अमदानीतली. १८३६च्या सुमारास इंदापूर तालुक्यात विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी शेतांची नवी मोजणी आणि सारा ठरवण्याची पद्धत बसवली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, एक चौरस साखळी म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला आणि त्या नंबराचा सारा कोण भरणार त्याचं नाव लागलं. सरकारला तेवढं पुरेसं होतं. पण खातेदार मरत होते, भाऊ वाटण्या करत होते, सावकाराकडे जमिनी जात होत्या, आणि कागदावरचं नाव व शेतातला माणूस यांची फारकत वाढत होती. म्हणून १९०३ साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा आला. सारा भरणाऱ्याबरोबर कूळ, गहाणदार, वारस, हिस्सेदार अशा सगळ्यांचे हक्क त्यात लिहायचे ठरले. १९१३ साली ही व्यवस्था जमीन महसूल कायद्यातच घेतली गेली. पुढे अँडरसन नावाच्या सनदी अधिकाऱ्यानं गावच्या हिशेबांचे नमुने नीट लावून दिले. तलाठ्यांच्या जुन्या पिढ्या त्याच्या मॅन्युअलवर घडल्या. १९६६चा महाराष्ट्र जमीन महसूल कायदा १५ ऑगस्ट १९६७पासून लागू झाला तरी फेरफाराचा गाभा तोच राहिला.

इतिहासाच्या दृष्टीनं या वहीची किंमत तिच्या रीतीत आहे. खातेदार वारला की वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं. तलाठी चौकशी करून वारसांची नावं नमुना सहा-क मध्ये लिहितो, मग फेरफार धरतो. नोंदीची प्रत चावडीवर लागते, संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, आणि नंतर सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी, नोंद मंजूर करतो. थोडक्यात, कुटुंबाची ही माहिती गावासमोर ठेवली जाते आणि भावकीला ती खोडून काढायची संधी असते. कौतुकानं लिहिलेल्या घराण्याच्या इतिहासात अशी तपासणी कुठे असते? हरकत आलीच तर प्रकरण सहा-अ या तक्रार नोंदवहीत जातं. माझ्या मते शोधणाऱ्याच्या दृष्टीनं सगळ्यांत श्रीमंत कागद तिथलेच. दुसरी बायको, दत्तक मुलगा, परगावी जाऊन परत न आलेला भाऊ, यांच्याविषयी घरात कधीच कोणी बोलत नाही. तक्रारीच्या जबाबात ते बोलावंच लागतं.

पण या वहीचं मोल मला सर्वांत जास्त वाटतं ते बायकांमुळे.

आपल्याकडे वंशावळी ठेवायची परंपरा जुनी आहे. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत पिढ्यान् पिढ्यांची नावं असतात. कोल्हापूर-सांगलीकडे आणि सीमाभागात हेळवी घरोघर येऊन वंशावळ वाचून दाखवतात. या साऱ्यांचे उपकार मोठे आहेत, पण त्यांचा धागा बहुतेक बापाकडून मुलाकडे जातो. लेकी लग्न होऊन गेल्या की पानावरूनही जातात. फेरफारात तसं करता येत नाही, निदान १९५६नंतर तरी नाही. हिंदू वारसा कायद्यानं बायको आणि मुलींना वारस ठरवलं, त्यामुळे नोंदीत त्यांची नावं घालणं भाग पडलं. एका चांगल्या वारस नोंदीत मयताची पत्नी, मुलगे, लग्न झालेल्या मुली सासरच्या नावानं आणि गावानं, आधी वारलेल्या मुलाची विधवा आणि तिची मुलं, अशी सारी माणसं एका पानावर भेटतात.

त्यानंतर थोड्याच अंतरानं दुसरी नोंद येते, हक्कसोडाची. बहिणींनी भावांच्या लाभात आपला हिस्सा सोडल्याची. वडिलांच्या जमिनीवर त्या बाईचं नाव चढतं ते काही महिन्यांपुरतं आणि उतरतं ते कायमचं. या नोंदी एकापाठोपाठ एक वाचताना मन विषण्ण होतं. तरीही तिचं माहेरचं अस्तित्व सिद्ध करणारा लेखी कागद पुष्कळदा तेवढाच असतो. जन्माची नोंद नाही, शाळेचा दाखला नाही, लग्नपत्रिका कोणी जपलेली नाही. हक्क सोडताना मात्र तिचं नाव, वय, सासरचं गाव आणि अंगठा किंवा सही कागदावर आली. दस्त नोंदवलेला असेल तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातल्या इंडेक्स टूमधून तो काढता येतो आणि फेरफारापेक्षा जास्त तपशील मिळतो. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत नवऱ्यांनी बायकांच्या नावावर जमीन केली, त्याच्या नोंदीही याच वह्यांत आहेत. आजीचं नाव अशा नोंदीनं लागलेलं दिसलं तर ते त्या घराण्यानं अभिमानानं सांगावं असं आहे.

जुन्या नोंदींतही बायका आहेत, फक्त त्या वाचायची रीत माहीत हवी. पुरुषाच्या नावानंतर ‘बिन’ आलं की पुढे बापाचं नाव. बाईच्या नावानंतर ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ आलं की पुढे नवऱ्याचं. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, बहुधा थोरला भाऊ. बाकी भावांची नावं तेव्हा उताऱ्यावर नसतात, ती पुढे वाटणीच्या नोंदीत एकदम प्रकटतात. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता, आणि तिथे पुष्कळ वेळा आईचं नाव असतं. तरुणपणी विधवा झालेली ती बाई काही वर्षं त्या खात्याची कर्ती असते. मग एक लहानशी नोंद येते, की अमुक सज्ञान झाल्यानं अ.पा.क. कमी केलं. त्या नोंदीच्या तारखेवरून मुलाचं जन्मसाल अदमासानं काढता येतं. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या पिढीसाठी हा मोठाच आधार.

ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांनीही निराश होऊ नये. सातबाऱ्याचा खालचा भाग म्हणजे नमुना बारा, पिकांची वही. शेत प्रत्यक्षात कोण कसतं हे त्यात वर्षावर्षाला लिहिलेलं असे. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी मुंबई राज्यात कसणारी कुळं कूळकायद्यानं मालक मानली गेली आणि त्यानंतरच्या वर्षांत कलम ३२-ग खालच्या नोंदींनी फेरफाराची पानं भरली. कुळाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, किती वर्षं कसत होता, काय किंमत ठरली, हे सगळं त्या प्रकरणात असतं. जमिनीची मालकीण विधवा असेल किंवा मालक अज्ञान असेल तर कुळाचा खरेदीचा हक्क पुढे ढकलला जाई. त्यामुळे एकाच प्रकरणात कुळाच्या आणि मालकाच्या, अशा दोन घराण्यांचा इतिहास हाती लागतो.

वतनदारांचं प्रकरण निराळं आहे. महार वतनाच्या जमिनीवर भावकीतल्या सगळ्या तक्षिमदारांची, म्हणजे हिस्सेदारांची, नावं लागत, म्हणून एका नोंदीत अख्ख्या वाड्याची माणसं सापडतात. याच वतनाच्या जोखडातून समाजाला सोडवण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं होतं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं अखेर १९५८च्या कायद्यानं गेली, आणि त्या जमिनी नजराणा भरून नवीन अविभाज्य शर्तीवर पुन्हा दिल्याच्या नोंदी झाल्या. ज्या घरांचा इतिहास दुसऱ्या कोणी लिहिला नाही त्यांची वंशावळ या नोंदींतून उभी राहते, आणि त्या प्रकरणांच्या फायली जपणं हे मला कोणत्याही राजघराण्याचं दफ्तर जपण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

इनामदारांच्या घराण्यांना याहूनही मागे जाता येतं. १८५२च्या कायद्यानं बळ मिळालेल्या इनाम कमिशननं सारामाफीच्या जमिनींची कसून चौकशी केली. इनाम टिकवायचं तर सनद दाखवा आणि मूळ पुरुषापासून आपल्यापर्यंतची पिढी सिद्ध करा, असा तिचा रोख होता. लोकांना तो जाच वाटला आणि होताही. त्या जाचापायी लोकांनी दिलेल्या कैफियती आणि वंशावळी मात्र टिकल्या. पुण्याच्या पुराभिलेखागारात, पेशवे दफ्तराच्या शेजारी, असे कागद रुमालांत बांधलेले आहेत.

आता अडचणी. पहिली मोडीची. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या बऱ्याच नोंदी मोडीत आहेत आणि तलाठ्याच्या घाईच्या हातातली मोडी चांगल्या वाचकालाही दमवते. दुसरी अडचण गट नंबरांची. १९४७च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानं पुढे गावोगाव तुकडे जोडून गट केले गेले, आणि जुने सर्व्हे नंबर उताऱ्यावरून गेले. इथे पुष्कळांचा शोध थांबतो. भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरणाचं पत्रक आणि जबाब मिळतो, तो कोणता सर्व्हे कोणत्या गटात गेला ते सांगतो. क्षेत्र जुळवून खात्री करावी: अडीच एकर म्हणजे साधारण एक हेक्टर एक आर. तिसरी गोष्ट प्रदेशाची. मराठवाड्यात १९५४-५५चं खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक पाहावं, त्याआधीचं निजामाच्या अमलातलं दफ्तर बरंचसं उर्दूत आहे. विदर्भात मालगुजारीच्या काळातली मिसल बंदोबस्ताची कागदपत्रं असतात. एका भागाची पद्धत दुसऱ्या भागात चालत नाही.

२०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांना अचानक वर्दळ आली. मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली, वर्षानुवर्षं न सुटलेली बासनं सुटली. त्या शोधाचं प्रयोजन उघड होतं आणि ज्यांना दाखल्याची गरज आहे त्यांच्यासाठी ते योग्यच आहे. मला एवढंच म्हणायचंय की जातीचा रकाना पाहून बासन पुन्हा बांधू नये. त्याच पानावर पणजीचं नाव आहे, दुष्काळात काढलेली तगाई आहे, गेलेल्या शेताची खरेदी आहे. उतरवून घ्यायला जास्तीचा अर्धा तास लागेल. काही वह्यांची पानं हाताळताच तुटतात, काहींना वाळवीनं खाल्लंय, आणि ‘जीर्ण झाल्याने नक्कल देता येत नाही’ हा शेरा शोधणाऱ्यांना वारंवार वाचावा लागतो. अनेक ठिकाणी जुन्या नोंदी स्कॅन झाल्या आहेत, हे काम मोठं आहे. सहा-क आणि सहा-अ या वह्यांनाही त्यात जागा मिळायला हवी.

कचेरीत जाण्याआधी घरातल्या सगळ्यांत वयस्क बाईशी बोलून घ्यावं. कोणत्या आत्या कोणत्या गावी दिल्या, कोणता चुलता निपुत्रिक वारला, हे तिच्याकडून लिहून घेतलं तर नोंदीतली नावं ओळखता येतात. आणि साखळी जुळली की नकला घरातच ठेवू नयेत. या वह्या माणसाच्या नावानं लावलेल्या नाहीत, गाव आणि फेरफार क्रमांकानं लावलेल्या आहेत, आणि तो क्रमांक गट नंबराच्या उताऱ्यावरून कळतो. हक्कसोडावर अंगठा देऊन गेलेल्या आत्याच्या नातवंडांना आजीच्या माहेरचा गट नंबर ठाऊक नसतो, आणि तो नसेल तर आजीची नोंद कचेरीत मागायची तरी कशी हेही त्यांना कळत नाही. तिच्या नोंदीची एक नक्कल, फेरफार क्रमांकासह, त्यांच्या घरी पोचवावी.